गुणिले एक

मी आयुष्यात एका पैशाचाही जुगार खेळलेले नाही. सासरी दिवाळीत पत्त्यांचा डाव मांडला जाई, तेव्हा मी चहाचं निमित्त करून उठत असे. त्यामुळे सत्त्याहत्तर साली ऑस्ट्रेलियात, टूवूंबा गावात, फुटीच्या, म्हणजे तिथल्या रग्बीच्या, पैजा आम्हाला एवढ्या महाग पडल्या त्या माझ्यामुळे, असं जे आमच्या घरात अजून बोललं जातं, ते मला मान्य नाही. मी फक्त एक गणित दुरुस्त केलं होतं.

आमचे हे, डॉक्टर हेमचंद्र, तिथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करीत. आम्ही आवारातल्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. हॉस्पिटलच्या लोकांचा एक सोशल क्लब होता. दर हिवाळ्यात क्लबवाले गावातल्या फुटीच्या सामन्यांवर आपापसात डॉलर-दोन डॉलरच्या पैजा लावत आणि उरलेल्या पैशांतून मुलांच्या वॉर्डला खेळणी घेत. त्या वर्षी खजिनदार म्हणून ह्यांना निवडलं. फुटीतलं ह्यांना काही कळत नव्हतं, पण हे बिअर पीत नव्हते. जो पीत नाही त्याच्या हातात पैशांचा डबा द्यावा, एवढं सरळ त्या लोकांचं तत्त्वज्ञान.

हे हुरळले. नुसत्या एकेका सामन्याच्या पैजा काय घ्यायच्या, आपण चार सामन्यांचं एकत्र कार्ड काढू, असं ह्यांच्या मनानं घेतलं. चारही सामन्यांतले जिंकणारे संघ बरोबर ओळखले तर बक्षीस, एक जरी चुकला तर काही नाही. मला ही कल्पना ऐकूनच ओळखीची वाटली. सोळा सोमवारांचं व्रत दुसरं काय असतं? पंधरा नीट झाले आणि सोळाव्याला चुकून तोंडात काही गेलं, की पुन्हा पहिल्यापासून.

मी देवापुढे वाती वळत बसले होते. हे टेबलाशी.

"हे बघ," हे म्हणाले, "भाव असे आहेत. दुबळ्या संघांचे धरू. पहिल्या सामन्यात चाराला एक, म्हणजे एक लावला की चार जिंकले, दुसऱ्यात तिनाला एक, मग पाचाला एक, मग सहाला एक. चार नि तीन सात, नि पाच बारा, नि सहा अठरा. म्हणजे चारही दुबळे जिंकले तर एका डॉलरला अठरा डॉलर. बरोबर?"

"बरोबर नाही."

"का? पुन्हा मोज."

"बेरीज बरोबर आहे हो. पण बेरीज करायचीच नाही."

पुण्याला मुलींच्या शाळेत सात वर्षं मी अंकगणित शिकवलं होतं. लग्नानंतर कुणी मला वरणात मीठ किती, यापलीकडे आकडा विचारला नव्हता. हातातली वात मी खाली ठेवली.

"पहिला सामना जिंकला की एका डॉलरचे हातात पाच झाले. चार जिंकलेले आणि एक आपला. ते पाच खिशात जात नाहीत, सगळेच्या सगळे दुसऱ्या सामन्यावर लागतात. तिथे एकाचे चार. पाच चोक वीस. ते वीस तिसऱ्यावर, तिथे एकाचे सहा. वीस सक एकशेवीस. चौथ्याला एकाचे सात. एकशेवीस साते आठशेचाळीस."

"आठशेचाळीस?" हे उठून उभेच राहिले. "एका डॉलरला?"

"अठरा दिलेत तर ती फसवणूक होईल."

फसवणूक हा शब्द ह्यांना सोसत नाही. सासरचे सगळेच तसे. मामंजी निम्म्या गावाला जामीन राहिले होते. जामीन राहणं हा आमचा कुळाचारच म्हणा ना. ह्यांनी नवी नोटीस सुवाच्य अक्षरात लिहिली. भावांचा गुणाकार होईल, असं लिहिलं आणि खाली, कुणी मागितलेलं नसताना, 'पूर्ण रक्कम देण्याची जबाबदारी व्यक्तिशः माझी' असं लिहून सही ठोकली.

जास्तीत जास्त किती रक्कम देऊ, हे मात्र कुठेच लिहिलं नाही. मलाही सुचलं नाही. आठशेचाळीस तोंडी काढल्याच्या आनंदात मी बाकीच्या वाती वळल्या.

मार्सेलिननं पाच डॉलर लावले.

मार्सेलिन सर्जिकल वॉर्डची सिस्टर, वसईची. टूवूंबात ती आणि आम्ही सोडून मराठी बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून रविवारी चर्च झालं की ती आमच्याकडे येई, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाई आणि पोटभर मराठी बोलून जाई. फुटी तिनं एकदाही पाहिली नव्हती.

"कुठले संघ घेतलेस?" मी विचारलं.

"जे मागच्या आठवड्यात हरले ते. बिचारे रडवेले झाले असतील, वैनी. त्यांच्यावर कोण लावणार?" ते नेमके ह्यांनी धरलेले चार दुबळेच होते.

पहिल्या शनिवारी बिचारे जिंकले. दुसऱ्या शनिवारी तिचे दुसरे बिचारे जिंकले. हे हसले. तिसऱ्या शनिवारी रेडिओवर निकाल सांगितला, तेव्हा हे हसले नाहीत. बाकी सगळ्यांची कार्डं तोवर केराच्या टोपलीत गेली होती. उरलं एकच कार्ड आणि एकच सामना. राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा सोमवार, नऊ दिवसांनी, वॅगटेल्स विरुद्ध बुलक्स. मार्सेलिनचे वॅगटेल्स, सहाला एक.

"पाच डॉलरचे किती?" ह्यांनी विचारलं. खरं तर माहीत होतं.

"बेचाळीसशे."

"डब्यात दोनशेबारा आहेत."

पुढचं दोघांनाही पाठ होतं. बिल्डिंग सोसायटीच्या बचत खात्यात आमचे चार हजार पन्नास डॉलर होते. गावाच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेजवळ, एक लाकडी घर आम्ही पाहिलं होतं. सुट्टीनंतरच्या मंगळवारी चार हजार डिपॉझिट भरलं की घर आमचं. तीन वर्षं मी त्या आकड्यासाठी जुने कोट उसवून नवे शिवले होते. क्वार्टर्समधली माझी स्वयंपाकाची खिडकी मेसच्या खिडकीसमोर यायची. मी देवाला नैवेद्य दाखवायची आणि त्याच वेळी समोर बेकन तळलं जायचं. 'हे आमचं नाही हो', असं मी देवाला रोज सांगत असे. स्वतःच्या घरात हे सांगावं लागणार नव्हतं.

रविवारी मार्सेलिन आली ती तोंड उजळूनच.

"नोव्हेना धरलीय, वैनी. आजपासून नऊ दिवस, बरोबर सोमवारी संपते. संत ज्यूडला. अशक्य कामांचा संत तोच."

"एवढे पैसे मिळाले तर करशील काय?"

"पयली बसून रडीन." ती हसली. "मग बघीन. पण क्लबवाले देतील ना एवढे?"

"नोटिशीत लिहिलंय ना," मी म्हटलं.

कुणाच्या खिशातून, ते मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

"तुमच्या शंकराला पण सांगा ना जरा. सोमवार त्याचाच आहे. दोन्हीकडून सांगितलेलं बरं."

"सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलं. शंकराला न सांगता गणपतीला सांगितलं, कारण विघ्नांचं खातं त्याच्याकडे. वॅगटेल्स हरू देत, एकवीस मोदक करीन. हात जोडून झाल्यावर लक्षात आलं की मी नुकतेच फुटीच्या सामन्यावर एकवीस मोदक लावले. भाव काय, तेही देवाला विचारलं नव्हतं.

ते नऊ दिवस घरात मोठं पुण्यकर्म चाललं होतं. मी रोजच्या अकरा माळांच्या एकवीस केल्या. हे एरवी देवाला नमस्कारही घाईत करतात, ते समईसमोर पाच-पाच मिनिटं उभे राहू लागले. एके दिवशी घरात शिरताच म्हणाले, "ऐकलंस? वॅगटेल्सच्या कॅप्टनचा गुडघा सुजलाय म्हणे!" आवाजात असा आनंद, जणू कुणाला मुलगा झाला. मग माझ्याकडे पाहून ओशाळले. "म्हणजे, वाईट झालं," असं पुटपुटून हात धुवायला गेले. मीही मनात म्हटलं, वाईट झालं. आणि दुसऱ्या दिवशी देवाला एक फूल जास्त वाहिलं.

सोमवारी मार्सेलिननं आम्हाला ओढूनच नेलं. "नशीब उघडताना आपली माणसं जवळ पायजेत." हे गुपचूप गाडी काढायला गेले. क्लबचा डबाही बरोबर घेतला, कारण त्या दिवशीच्या सामन्यावर लोकांनी सुट्या पैजा लावल्या होत्या.

पश्चिमेचा वारा हाडं फोडत होता. मी उपाशी. बाकावर मध्ये हे, डावीकडे मार्सेलिन, तिच्या हातात रोझरी. उजवीकडे मी, कोटाच्या खिशात जपमाळ. ती उघड जपत होती, मी झाकून. पुढच्या बाकावर बॉयलर-रूमचा म्हातारा बसला होता. आम्ही कुणाच्या बाजूच्या, ते त्यानं मागे वळून विचारलं, "हू आर यू लेडीज बॅरकिंग फॉर?"

"वॅगटेल्स!" मार्सेलिन म्हणाली.

मी नुसती हसले. म्हाताऱ्यानं ते हसूही वॅगटेल्सच्या खात्यात धरलं. "गुड ऑन या," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा डॉलर बुलक्सवर होता.

सामना संपायला पाच मिनिटं राहिली तेव्हा बुलक्स तेरा, वॅगटेल्स अकरा. ह्यांच्या चेहऱ्यावर घराचं छप्पर दिसायला लागलं होतं. एवढ्यात बुलक्सच्या एकानं कुणाला तरी धक्का दिला, रेफरीनं शिट्टी मारली, वॅगटेल्सला पेनल्टी मिळाली. तो सुजलेल्या गुडघ्याचा कॅप्टन लंगडत आला आणि त्यानं सरळ दोन खांबांमधून चेंडू मारला. तेरा-तेरा.

"संत ज्यूडा!" मार्सेलिन किंचाळली.

माझी माळ खिशात थांबली. बोटं गारठली म्हणून थांबली असं मी तेव्हा समजले.

शेवटच्या मिनिटाला वॅगटेल्सच्या एका पोरानं धावता धावता पायानं चेंडू टोलवला. तो खांबांमधून गेला असता तर एक गुण, आणि सामना त्यांचा. चेंडू वर गेला. वाऱ्यावर थोडा रेंगाळला. मी डोळे मिटले, त्यामुळे मला फक्त आवाज ऐकू आला, लाकडावर काहीतरी आपटल्याचा. मग भोंगा.

चेंडू खांबाला लागून बाहेर पडला होता. दोन्हीकडच्या देवांनी आपापल्या भक्ताची इभ्रत राखली होती.

थोडा वेळ कुणालाच काय झालं ते कळेना. मग हे सावकाश म्हणाले, "जिंकले नाहीत."

"नाय जिंकले," मार्सेलिन म्हणाली.

"कार्डावर 'जिंकणारा संघ' असं लिहिलंय."

"मग गेले की ते." तिनं रोझरी तिच्या छोट्या डबीत ठेवली, डबी पर्समध्ये. डोळे पुसले, पण वाऱ्यानंही आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलंच होतं. "पाच डॉलरच गेले ना, डॉक्टर. नऊ दिवस प्रार्थना तरी झाली. नायतर कुठे वेळ मिळतो!"

हे इतक्या मायेनं तिच्याकडे पाहू लागले की मला लाज वाटली. तेवढ्यात पुढचा म्हातारा उठला. "ड्रॉ झाली, डॉक. माझा डॉलर?"

"ऑफ कोर्स, मेट," हे म्हणाले. डबा उघडला, त्याचा डॉलर त्याच्या हातावर ठेवला आणि डबा बंद केला.

मी ते पाहिलं.

मैदानापासून गाडीपर्यंत सहा मिनिटांची वाट. ती सहा मिनिटं मी गप्प होते, हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर ज्या गोष्टी लोकांनी सांगितल्या त्यांत ती सहा मिनिटं नसतात. हे मार्सेलिनची थट्टा करत होते, ती ह्यांची. 'तुमच्या त्या पोराला जरा चेंडू मारायला शिकवा' वगैरे. उद्या मंगळवार. दहा वाजता एजंटचं ऑफिस उघडतं. मी काही न बोलण्यात वाईट काही नव्हतं. मी तशीही कमीच बोलते. जिला पैसे मिळायचे तिचीच तक्रार नव्हती. गणपतीनं आपल्या बाजूनं काम चोख केलं होतं.

गाडीचं दार उघडायच्या आधी मी म्हटलं, "अहो, त्या म्हाताऱ्याला डॉलर परत का दिलात?"

"बरोबरी झाली ना. तो जिंकलाही नाही, हरलाही नाही."

"डॉलरचा डॉलर."

"हो."

"म्हणजे गुणिले एक."

ह्यांना कळलं. किल्ली कुलपातच राहिली. "हळू बोल," हे म्हणाले.

"मी हळूच बोलते. त्याच्या सामन्याला गुणिले एक, तर हिच्या चौथ्या सामन्यालाही गुणिले एक. सामना तोच आहे. शून्य कसं होईल? पाच चोक वीस, वीस सक एकशेवीस, एकशेवीस एके एकशेवीस. पाच डॉलरचे सहाशे."

"काय सहाशे?" गाडीच्या पलीकडून मार्सेलिननं विचारलं.

"तुझे," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर हे पुढे बघून गाडी चालवत होते. एका वळणावर म्हणाले, "डब्यात दोनशेबारा होते. एक त्या म्हाताऱ्याला दिला."

"आजच्या पैजांचे डॉलर वेगळे. ते धरायचे नाहीत. सहाशेतून दोनशेबारा गेले, तीनशेअठ्ठ्याऐंशी आपले."

"आपले म्हणजे?" मार्सेलिन मागच्या सीटवरून पुढे वाकली. "तुमचे? तुमच्या घरातले? आणि बेचाळीसशे झाले असते तर?"

ह्यांनी गिअर बदलला. तेच उत्तर होतं.

"म्हणजे मी नऊ दिवस तुमचं घर जावं म्हणून..." ती मटकन मागे टेकली. "वैनी, सांगायचं नाय का! मला नकोत ते पैसे. मला नकोत."

ह्यांनी आरशातून तिच्याकडे आशेनं पाहिलं.

"नकोत म्हणायचा प्रश्न नाही," मी म्हटलं. "उत्तर सहाशे आहे."

दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला गाडी थांबली, तेव्हा मागून बारीक आवाज आला, "बरं, देताच आहात तर द्या."

मंगळवारी सकाळी हे बिल्डिंग सोसायटीतून तीनशेअठ्ठ्याऐंशी काढून आले. उरले तीन हजार सहाशे बासष्ट. तीनशेअडतीस कमी. एजंटला फोन मी केला, कारण ह्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं आणि त्या रागात ते कुणाशीच बोलत नव्हते.

"स्पीक अप, लव्ह," तो दर वाक्याला म्हणे. मी माझ्या मानानं ओरडून सांगितलं, पंधरा दिवसांत उरलेले भरतो. तो म्हणाला, शुक्रवारपर्यंत थांबून पाहतो, पण तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याचा इलाज नाही.

शुक्रवारपर्यंत हॉस्पिटलात माझी गोष्ट पोचली होती. मार्सेलिननं सर्जिकलला सांगितली, सर्जिकलनं मेडिकलला. आमच्या वैनी देवाला इतक्या भितात की स्वतःचं घर सोडलं, पण अधर्माचा पैसा ठेवला नाही. दिवसभर उपाशी होत्या, आणि तोंडातून सत्यच निघालं. मेट्रननं मला वाटेत थांबवून माझा हात हातात घेतला. क्लबनं ठराव करून ह्यांना पुढच्या वर्षासाठीही खजिनदार नेमलं. ठराव ऐकून हे तीन दिवसांनी पहिलं वाक्य बोलले. "धार्मिक बायको असली की हे असं होतं."

 खरं सांगायचं तर त्या सहा मिनिटांत देव मला एकदाही आठवला नव्हता. वर्गात कुणी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून जागेवर जाऊन बसलं, तर मला पुढचा तास शिकवता येत नसे. मी उठून ते पुसायचीच. तेवढंच झालं होतं. नवसाचं मात्र मी प्रामाणिकपणे मिटवलं. काम अर्धंच झालं होतं, म्हणून निम्मे मोदक केले. साडेदहा होईनात, म्हणून अकरा.

शुक्रवारी दुपारी एजंटचा फोन आला. गुरुवारी संध्याकाळी जवळच्या डॅल्बी गावचं एक जोडपं येऊन पूर्ण डिपॉझिट भरून गेलं होतं. "सॉरी, लव्ह. नाइस लिटल हाउस, दॅट." मी थँक यू म्हटलं. त्याला ते ऐकू गेलं नसावं, कारण त्यानं फोन ठेवून दिला होता.

मी रिसीव्हर हातात घेऊन तशीच उभी होते. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. बॉयलर-रूमचा म्हातारा होता, टोपी हातात घेतलेली.

"मिसेस," तो म्हणाला, "सगळे म्हणतात, तुमचा धर्म तुम्हाला हिशेबात खोटं करू देत नाही." त्यानं खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. शनिवारच्या घोड्यांच्या शर्यती, तीन शर्यतींची एकत्र पैज, खाली त्याला मिळालेली रक्कम. "हे बरोबर आहे का, एवढंच बघायचं होतं."

असल्या कागदाला मी हात लावत नाही, आज शुक्रवार आहे, संध्याकाळी देवीची पूजा आहे, असं सगळं इंग्रजीत सांगायला मी तोंड उघडलं. पण कागद त्यानं माझ्यासमोरच धरला होता.

दुसऱ्या ओळीत चूक होती.

"बसा," मी म्हटलं, आणि पेन्सिल आणायला आत गेले.